मेंढरं देऊन घेतलेलं वारं

मित्रांनो, मी एक जुना ब्लोअर आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. पण आमच्यात सहाव्या वर्षी साठी येते, आणि साठी आली की कुणालाही आपली गोष्ट सांगायची हुक्की येते. तुम्हाला वेळ नसेल तर तसं सांगा. मी थांबेनच असं नाही, कारण माझं बंद करायचं बटण गेल्या पावसाळ्यापासून नीट लागत नाही.

ज्यांनी मला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. एका हातात मावेल असा माझा नारिंगी देह. पुढे हातभर काळी नळी, मागे श्वास घ्यायला गोल जाळी, पोटात मोटार. बटण दाबलं की मागून हवा ओढायची आणि पुढून जोरात सोडायची, एवढंच माझं शिक्षण. गाडी धुऊन झाली की तिच्या अंगावरचं पाणी उडवून द्यायचं, ही माझी नोकरी. फडक्यानेही गाडी पुसता येते, नाही असं नाही. पण आरशाच्या खोबणीत, दाराच्या मुठीमागे, नंबरप्लेटच्या आत फडक्याचा हात पोचत नाही. पाणी नेमकं तिथेच लपून बसतं. गाडी रस्त्याला लागली की ते हळूच बाहेर येतं, धुळीशी हातमिळवणी करतं आणि नुकत्याच धुतलेल्या दारावर ओघळ काढतं. त्यात आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड. वाळलं की पांढरे ठिपके सोडतं, आणि काळ्या गाडीला देवी निघाल्यासारखं दिसतं.

मी कुठे जन्मलो ते माझ्या खोक्यावर छापलेलं होतं. ते खोकं मी आलो त्याच संध्याकाळी पंचफुलाबाईंनी चुलीत घातलं. त्यामुळे माझ्या जन्मस्थळाविषयी मी काही सांगू शकत नाही. एवढंच सांगतो की त्यावर त्या दिवशीचं पिठलं चांगलं झालं होतं.

पंचफुलाबाई म्हणजे माझे मालक सोनाजी यांची आई. हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारला औंढ्याच्या रस्त्यावर सोनाजीचं वॉशिंग सेंटर आहे. पुढे गाडी चढवायचा सिमेंटचा रॅम्प, बाजूला पत्र्याचं छप्पर, मागे राहायच्या दोन खोल्या आणि मेंढरं कोंडायचा एक लहानसा वाडगा. आत्ता तिथे गाड्या धुतल्या जातात, पण हे घराणं मेंढरांचं. सोनाजीच्या वडिलांचा मोठा कळप होता. ते गेल्यावर सोनाजी दहा वर्षं काठी घेऊन त्या कळपामागे चालला. मग चराईच्या रानाला तारा आल्या, गावाजवळच्या गायरानात प्लॉट पडले, आणि मेंढरं कुठे न्यायची हा प्रश्न रोज सकाळी उठून बसू लागला. एक दिवस सोनाजीने कळप विकला. त्यातून रॅम्प आला, पाण्याचा पंप आला, आणि मी आलो.

मेंढरं टेंपोत चढवत होते तेव्हा पंचफुलाबाई एका भुऱ्या मेंढीच्या गळ्यात हात घालून फाळक्यापाशी बसून राहिल्या.

"ही गेली तं मी बी टेंपोत बसते," त्या म्हणाल्या.

व्यापाऱ्याने क्षणभर हिशोब केला असावा. मेंढी खाली राहिली. तिचं नाव भुरी.

मी आलो त्या संध्याकाळी मला खोक्यातून काढून सोनाजीने पहिल्यांदा चालू केलं. अंगणातला पाचोळा उडाला, कोंबड्या उडाल्या. सोनाजीची बायको प्रतिक्षा हसली. पंचफुलाबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "मेंढरं देऊन वारं घेतलं माय ह्यानं. वारं तं फुकट येतं."

त्या दिवसापासून त्या लेकाशी बोलल्या नाहीत.

आता तुम्हाला वाटेल की घरात मोठं भांडण झालं. तसं काही नाही. त्या घराण्यात आई लेकावर रागावली की भांडत नाही, दुसऱ्याकडे तोंड करून बोलते. सोनाजीची आजी म्हणे बैलाशी बोलायची. पंचफुलाबाईंच्या वाट्याला मी आलो.

"ए वाऱ्या," त्या मला म्हणायच्या, "तुझ्या मालकाला सांग, भाकर वाढली."

मालक तीन हातांवर उभे असायचे. तेही मलाच सांगायचे. "वाऱ्या, मायला म्हण, दोन गाड्या राहिल्या. आलो."

"गार भाकर खायाची असंल तं खा म्हणावं. मला काय तकलीफ न्हाई."

"मायला म्हण, गारच बरी लागती."

प्रतिक्षा दारातून म्हणायची, "काहून त्या बिचाऱ्याला मधी घालता? एखांदा फोन तरी घेऊन द्या त्याला."

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला बोलता येत नाही. तरीही साडेतीन वर्षं मी त्या घरातला सगळ्यात जास्त बोलावला जाणारा माणूस होतो. तापाची गोळी घेतली का, पायाला काय लागलं, बाजारातून मीठ आणायचं राहिलं, सगळे निरोप माझ्यावरून जायचे. एकही निरोप माझ्याकडून चुकला नाही. इतकी निष्कलंक कारकीर्द माझ्या माहितीत दुसऱ्या कुणाची नाही.

कामातही माझं नाव झालं. त्याचं श्रेय देविदासरावांना. ते नेमकं काय करतात हे जवळा बाजारात कुणालाच सांगता येत नाही. पण त्यांची गाडी मोठी आणि पांढरी असल्यामुळे विचारायची कुणाची छाती होत नाही. त्यांनी पहिल्यांदा गाडी आणली तेव्हा सोनाजीने मला हातात घेतलं आणि टपापासून सुरुवात केली. वरून खाली, पुढून मागे. आधी टप, मग काचा, मग आरसे, मग दारांच्या फटी. पाणी माझ्यापुढे मेंढरांसारखं पळायचं. सोनाजी नळी जराशी तिरपी धरून ते एका कडेला हाकत न्यायचा आणि शेवटच्या थेंबापर्यंत कळप बंपरवरून खाली उतरवायचा. हे कसब त्याला कुठल्या यंत्रासोबत मिळालं नव्हतं.

देविदासरावांनी आरशामागे रुमाल फिरवला. रुमाल कोरडा निघाला.

"सोन्या, कमालच हाय बाप्पा," ते म्हणाले. "एक थेंब न्हाई ठिवला!"

ते वाक्य मी मनावर कोरून घेतलं. एक थेंब ठेवायचा नाही. प्रत्येकाच्या आयुष्यात असं एखादं वाक्य असतं. तेच पुढे त्याला खड्ड्यात घालतं, पण ते नंतर.

देविदासरावांमागे शिक्षकांच्या गाड्या आल्या, डॉक्टरांची आली, हिंगोलीला जाणाऱ्या जिपा आल्या. सोनाजी कामात बुडाला आणि माझ्या मागच्या जाळीकडे बघायला त्याला सवड राहिली नाही. जाळीत धूळ, कापूस, सोयाबीनचं भुसकट अडकायचं. माझा दम कोंडायचा, आवाज किरटा व्हायचा. ते पहिल्यांदा ओळखलं पंचफुलाबाईंनी.

"ए वाऱ्या, तुझ्या मालकाला नाकं पुसायची अक्कल न्हाई," असं म्हणून त्या मला मांडीवर घ्यायच्या आणि लोकर विंचरायच्या जुन्या फणीने जाळी साफ करायच्या. शिव्या चालूच असायच्या. पण हात अगदी हलका. ज्या वाऱ्यापायी मेंढरं गेली त्याचंच नाक त्या दर आठवड्याला साफ करत होत्या. मला त्याचा अर्थ लागला नाही. मी लावायच्या फंदातही पडलो नाही. कुणी नाक साफ करत असेल तर फार प्रश्न विचारू नयेत.

त्यांचा सगळा जीव भुरीत होता. भुरी म्हातारी होत चालली होती. तीन वर्षं ती गाभण राहिली नव्हती. चौथ्या वर्षी पंचफुलाबाईंनी तिला आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला आपल्या भावाच्या, भुजंगच्या, कळपात महिनाभर ठेवलं आणि जिपवाल्याशी भांडून सीटवर बसवून परत आणलं. भुरी गाभण होती. पंचफुलाबाई रोज तिच्या पोटाला हात लावून बघायच्या.

"ए वाऱ्या, सांग तुझ्या मालकाला. हे ह्या कळपाचं शेवटचं लेकरू हाय. हे जगलं तं कळप हाय. न्हाई तं मंग हाय तुमचं वारं."

त्या दिवशी सोनाजीने एकच गाडी दोनदा धुतली.

आता ती सकाळ सांगतो.

फाल्गुन होता. लग्नसराई ऐन भरात, आणि अवकाळीला तेवढाच मुहूर्त सापडला. पहाटेपासून पाऊस, मधूनच गारा, आणि वारं असं की पत्रे वाजत होते. त्याच दिवशी देविदासरावांच्या मुलाचं लग्न होतं. पाहुणे आणता आणता पांढऱ्या गाडीचा चिखलाचा गोळा झाला होता. नऊ वाजता देविदासराव नव्या पांढऱ्या कपड्यांत, गाडी आणि सजावटवाल्याला घेऊन आले. सजावटवाला म्हणजे बालाजी. त्याच्या गळ्यात झेंडूच्या माळा आणि मनगटात चिकटपट्टीची रिळं.

सोनाजीने गाडी छपराखाली धुतली. बालाजीने बॉनेटवर पट्टी लावून पाहिली. ती घसरून त्याच्या चपलेवर पडली.

"ओल्यावर चिकटत न्हाई भाऊ. कोरडीठाक पायजे," तो म्हणाला.

सोनाजीने मला उचललं. पाऊस असूनही लाईट होती. या गोष्टीत न पटण्यासारखं एवढंच आहे.

तेवढ्यात मागून प्रतिक्षाची हाक आली. "आवो! इकडं या लवकर! भुरी हितं हाय!"

भुरी पहाटेपासून वाडग्यातून गायब होती. पंचफुलाबाई घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन तिला शोधायला ओढ्याच्या अंगाला गेल्या होत्या. भुरी मात्र आडोसा बघून रॅम्पच्या मागे शिरली होती आणि तिथेच व्याली होती. जागा उताराची. ओलं कोकरू घसरत खाली गेलं होतं, ते थेट सांडपाण्याच्या चरात. गाड्यांचा चिखल, ऑइल आणि साबणाचा फेस जिथून वाहतो, तिथे ते मान टाकून पडलं होतं.

प्रतिक्षाने ते ओढून काढलं. ते काळंमिट्ट दिसत होतं. सोनाजीने ते हातात घेतलं, आणि मित्रांनो, चूक तिथे झाली. तो दहा वर्षं मेंढरांमागे होता आणि साडेतीन वर्षं गाड्यांमागे. घाईच्या वेळी माणसाचा जो हात पुढे येतो तो अलीकडचा असतो. त्याने बंबातलं कोमट पाणी ओतून, हातानेच, फार हळुवारपणे, कोकरू धुऊन काढलं. तळहातावर चिमूटभर शॅम्पूसुद्धा घेतला. ऑइल निघायला हवं ना.

कोकरू स्वच्छ झालं, आणि थंडीने थडथडा उडायला लागलं. मग त्याचं उडणं कमी होत गेलं. सोनाजीचा चेहरा उतरला. थरथर थांबणं हे चांगलं लक्षण नसतं, एवढं तो विसरला नव्हता.

"सोन्या, गाडी!" देविदासराव छपराखालून ओरडले. "नवरदेव दारात उभा हाय बाप्पा! बँडवाले निघून जातील!"

"काका, धा मिनिटं."

"धा मिनिटं? आरं मेंढीचं कोकरू ते. माझ्या पोराचं लग्न हाय! तुह्याच्यानं होत न्हाई तं मी शिरडच्या सेंटरवर नेतो गाडी. आजची बी अन् इथून पुढच्या बी."

ही धमकी लहान नव्हती. देविदासरावांची गाडी जिथे उभी राहते तिथेच बाकीच्या गाड्या उभ्या राहतात. सोनाजी मधोमध उभा होता. एका हातात कोकरू, एका हातात पुन्हा उचललेला मी. समोर पांढऱ्या बॉनेटवर पाण्याचे हजार थेंब चमकत होते, आणि माझं तोंड सवयीने तिकडेच होतं.

सोनाजीने ते हळूच वळवलं.

पहिल्या संध्याकाळच्या कोंबड्या सोडल्या तर त्या दिवसापर्यंत मी श्वास घेणाऱ्या कशावरही फुंकर घातली नव्हती. वेग अगदी कमी ठेवला होता, तरी माझा पहिला झोत लागताच कोकरू आणखीच आक्रसलं. मी गार वारा सोडतो, मित्रांनो. गाडीला थंडी वाजत नाही, त्यामुळे हा विषय कधी निघालाच नव्हता.

"गार वारं घालून मारून टाकता का त्याला?" प्रतिक्षा ओरडली आणि घरात पळाली. परत आली ती चुलीवरचा तवा सांडशीत धरून. भाकरी टाकता टाकता उठलेली, हाताला पीठ तसंच. तवा तिने दोन विटांवर ठेवला. "ह्याचं नाक तव्यावर धरा. गरम ओढंल तवा गरम सोडंल."

प्रतिक्षाच्या माहेरी मेंढ्या नव्हत्या, यंत्रंही नव्हती. पण भाकरी करणाऱ्या बाईला वाफ कुठून कुठे जाते ते बरोबर माहीत असतं.

सोनाजीने मला तव्यावर धरलं. मी ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटातून ऊब गेली, ज्वारीच्या भाकरीच्या वासाची. पुढून ती कोमट होऊन निघाली आणि कोकराच्या पाठीवर पसरली. मागे मात्र माझं बूड भाजत होतं, आणि ते धरलेली सोनाजीची बोटंही. प्लॅस्टिक मऊ पडत असल्याचं मला कळत होतं. तवा थंड पडला की प्रतिक्षा तो चुलीवर नेऊन पुन्हा तापवून आणायची. तिने तीन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीला माझ्या पोटाचा नारिंगी रंग एका बाजूने वितळून ओघळला. आजही तो ओघळ तसाच आहे.

सोनाजीने कोकरू गाडीसारखंच वाळवलं. त्याला दुसरी पद्धत येत नव्हती. वरून खाली, पुढून मागे. आधी पाठ, मग कानांच्या मागे, आरशासारखं. मग पोटाखाली, मग चारही पाय, शेवटी शेपूट. कोकराची लोकर उभी राहिली, गोल गोल कुरळी झाली. ते "बेंऽ" करून ओरडलं आणि चार पायांवर उभं राहिलं, मांडवातल्या खुर्चीसारखं डगमगत. एक थेंब ठेवला नव्हता.

मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तो मिनिटभर टिकला.

सोनाजीने कोकरू भुरीपुढे नेलं. भुरीने नाक पुढे केलं, हुंगलं, आणि तोंड फिरवलं. कोकरू दुधाकडे गेलं तर तिने डोक्याने ढकलून दिलं. परत गेलं, परत ढकललं. तिचं लेकरू ओलं होतं आणि त्याला तिच्या पोटातला वास होता. हे समोर आलेलं कुणीतरी शॅम्पूने न्हालेलं, भाकरीच्या वासाचं पोरगं होतं. अशा अनोळखी पोराला तिने काहून पाजावं?

त्या वेळी पंचफुलाबाई आल्या. घोंगडी भिजून जड झालेली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यांनी भुरीकडे पाहिलं. मग कोकरू उचलून त्याचं डोकं नाकाशी नेलं.

"शाम्पू," त्या म्हणाल्या. पुन्हा हुंगलं. "अन् भाकर."

बालाजीसुद्धा माळा सावरायचा थांबला.

पंचफुलाबाई माझ्याकडे वळल्या. "ए वाऱ्या, तुझ्या मालकाला सांग..." त्यांनी सुरुवात केली. आणि थांबल्या. त्यांची नजर माझ्या वितळलेल्या पोटावर गेली, तिथून तव्यावर, तिथून लेकाच्या भाजलेल्या बोटांवर.

निरोप पाठवायला वेळ नव्हता.

"सोन्या," त्या म्हणाल्या. "आरं डोकं अन् बूड मायचं असतं. ते कोरडं करत न्हाईत, लेका. इसरला व्हय रं?"

साडेतीन वर्षांनी हाक आली होती.

"इसरलो, माय."

"बरं. रडाया मागून बस. ते ठिव खाली अन् भुरीला धर."

"ते" म्हणजे मी. त्याने मला विटेवर ठेवलं. पुढचं सगळं मी तिथून पाहिलं.

भुरी म्हातारी असली तरी अंगात जोर होता. ती सोनाजीला फरफटवत चालली. पंचफुलाबाईंनी छपराकडे पाहिलं. "देविदासा! तमाशा पाहून राहिला व्हय? ये हिकडं!"

"मावशे, माझे कपडे..."

"तुझ्या बापाची मेंढरं मीच राखली ना पाच साल? तवा तू माझ्याच घोंगडीत मुतला होतास. ये, धर तिला."

ज्यांना अख्ख्या जवळा बाजारात कुणी प्रश्न विचारत नाही ते देविदासराव आले आणि नव्या पांढऱ्या कपड्यांनिशी चिखलात गुडघे टेकले. त्यांनी भुरीला रॅम्पच्या भिंतीशी दाबून धरलं. धरायची पद्धत मात्र बरोबर होती. माणूस गाडीत बसायला लागला तरी गुडघे विसरत नाहीत.

"प्रतिक्षा, मूठभर मीठ आण गं."

पंचफुलाबाईंनी भुरीच्या मागचा जो ओलावा अजून लोंबत होता तो तळहातावर घेतला. तिचं पहिलं पिवळं चिकट दूध त्यात पिळलं. मीठ टाकलं. आणि ते सगळं कोकराच्या डोक्याला आणि शेपटीखाली चोळलं. मी इतक्या मेहनतीने कोरडं केलेलं सगळं त्यांनी दोन मिनिटांत पुन्हा ओलं केलं.

मग कोकरू भुरीच्या नाकापुढे धरलं.

भुरीने तोंड फिरवलं. पंचफुलाबाईंनी ते पुन्हा नाकाशी नेलं. भुरीने एकदा चाटलं. ते मिठासाठी होतं, हे सगळ्यांना कळलं. ती थांबली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. देविदासरावांच्या खिशात फोन वाजत होता, आणि ते घेत नव्हते. भुरीने दुसऱ्यांदा चाटलं. मग तिसऱ्यांदा, जरा लांबवर, कानामागे. आणि तिच्या घशातून एक आवाज आला. फार खोल, फार हळू, जसा मेंढी फक्त स्वतःच्या कोकराशी काढते. माझ्या सगळ्यात कमी वेगाचा आवाजही त्याच्यापुढे ओरडल्यासारखा आहे.

"झालं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "सोड देविदासा."

कोकरू दुधाला लागलं. त्याची शेपटी अशी हलायला लागली की मला वाटलं, हिच्यात कुणी मोटार बसवली.

पंचफुलाबाई तिथेच ओल्या जमिनीवर टेकल्या. सोनाजी शेजारी बसला. दोघं कोकराकडे बघत होते.

"पाट हाय," त्या म्हणाल्या. म्हणजे मादी आहे, कळप पुढे चालेल.

"व्हय."

"भाकर खाल्ली का तू?"

"न्हाई, माय."

"खाशीन कशी? तवा तं हितं हाय."

प्रतिक्षा हसता हसता तोंडाला पदर लावून घरात गेली. सोनाजीने मान खाली घातली. पाऊस होता, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगता येणार नाही. आणि सांगता आलं असतं तरी मी वाळवलं नसतं.

गाडीचं काय झालं ते राहिलंच. माझा आवाज बसला होता, तरी सोनाजीने मला पुन्हा हातात घेतलं. बालाजीने, प्रतिक्षाने आणि खुद्द देविदासरावांनी फडकी घेतली. गाडी अर्धी माझ्याने आणि अर्धी त्यांच्याने कोरडी झाली. एक माळ औंढ्याच्या फाट्याआधीच सुटली असं नंतर कळलं. देविदासराव लग्नात गुडघ्यावर चिखल घेऊनच वावरले आणि ज्याने विचारलं त्याला सगळी हकीकत सांगत सुटले. लग्न लागायला चाळीस मिनिटं उशीर झाला. आमच्याकडे याला वेळेवर लागलं असंच म्हणतात. गाडी शिरडला गेली नाही.

पुढच्या महिन्यात सोनाजीने दोन मोटारींचा नवा ब्लोअर आणला. तो तरुण आहे, कामाला चांगला आहे. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. आवाज जरा जास्त करतो, पण त्या वयात मीही करत होतो. माझी बदली मागच्या वाडग्यात झाली. तिथे मी खिळ्याला टांगलेला असतो. त्या दिवशीचं कोकरू आता मेंढी झालंय. वाडग्यात लहान-मोठी मिळून चार आहेत. थंडीपावसात एखादी व्याली की आधी तिला पोटभर चाटू देतात. मग कोकरू काकडलंच, तर तवा तापवून मला खाली काढतात. पण पाठ आणि पोट तेवढंच वाळवायचं, पंचफुलाबाईंचा तसा हुकूम आहे. डोकं आणि बूड मायचं.

आता त्या लेकाशी थेट बोलतात. दिवसभर बोलतात. खरं सांगायचं तर बहुतेक वेळ भांडतात. साडेतीन वर्षांची बाकी दोघंही जोरात फेडत आहेत. संध्याकाळी "सोन्या, भाकर वाढली रं!" अशी हाक वाडग्यापर्यंत ऐकू येते. "ए वाऱ्या" अशी हाक त्या दिवसानंतर मला आली नाही. निरोप्याचं काम संपणं हेच त्याचं यश, असं म्हणतात. म्हणणाऱ्याला कुणी खिळ्याला टांगलेलं नसावं. पण तेही खरंच आहे.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्याने शेवटी काहीतरी मागायचं असतं. तर एवढंच मागतो. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर आठवड्यातून एकदा त्याची जाळी बघत जा. दम कोंडला तरी आम्हाला सांगता येत नाही. आम्ही फक्त आवाज बदलतो, आणि तो ओळखणारं माणूस घरात असावं लागतं.

माझी जाळी अजूनही पंचफुलाबाईच साफ करतात, त्याच फणीने, मांडीवर घेऊन. धूळ काढतात, भुसकट काढतात. फक्त कडेला लोकरीचा एक कुरळा पुंजका आहे, त्या पावसाळी सकाळी अडकलेला, तेवढा सोडून देतात. परवा सोनाजी तो काढायला गेला.

"राहू दे रं," त्या म्हणाल्या. "ते त्याचं हाय."